ललिताच्या उजेडात मावणारा कीबोर्ड

खालापूरच्या तहसील कचेरीजवळ राजेशचं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानाच्या पायरीलगत, पत्र्याच्या पडवीखाली एक टेबल असायचं आणि त्या टेबलामागे ललिता. प्रतिज्ञापत्र, वारसाचा अर्ज, हक्कसोड, दाखल्यासाठी विनंती, जे लागेल ते ती टाइप करून द्यायची. समोरचा माणूस उभ्या उभ्या आपली कहाणी सांगायचा, ती त्याच्या तोंडाकडे बघत मान हलवायची आणि खाली तिचे हात आपले आपण चाललेले असायचे. त्याची कहाणी संपली की कागद तयार. माझं सगळं आयुष्य रंगमंचावर उभं राहून आपल्या दोन हातांचं आता काय करायचं, या काळजीत गेलं. म्हणून मला तिचे हात बघत बसायला आवडायचं.

आमची ओळख नाटकाचीच. दौऱ्यांवर जाणाऱ्या कंपनीत मला काम मिळालं ते पुढे, त्याआधी मी कर्जतच्या हौशी मंडळात होते. त्या काळी सगळं नाटक कुणा एकाच्या हाती देत नसत. आपल्या वाट्याची वाक्यं आणि प्रत्येक वाक्याच्या आधीचे दुसऱ्याचे दोन-तीन शब्द, एवढाच कागद मिळायचा. त्याला आम्ही नक्कल म्हणायचो. कर्जतला टायपिंगचा क्लास होता, तिथं नुकतीच परीक्षा पास झालेली ललिता आमच्या नकला काढून द्यायची. हडकुळी, दोन वेण्या घातलेली मुलगी. मोठ्या लोखंडी मशीनमागे बसली की दिसायचीसुद्धा नाही, नुसता खडखडाट ऐकू यायचा.

कळंबच्या जत्रेतल्या प्रयोगात आमच्या प्रॉम्प्टरला ऐन वेळी ताप भरला. ललिता नाटक बघायला आलेली. तिला धरून आणून विंगेत उभं केलं. तिथं वाचायला पुरेसा उजेड नव्हता. दुसऱ्या अंकात माझं एक वाक्य साफ गेलं. डोक्यात काही म्हणजे काही नाही. विंगेतून तिनं ते हलकेच टाकलं, मी उचललं, प्रयोग सुरळीत पुढे गेला. नंतर मी विचारलं, कागद दिसत नव्हता तर तुला आठवलं कसं? ती लाजली. म्हणाली, मांडीवर बोटं चालवली की वाक्य येतं. डोक्यातनं आठवायला गेलं तर येत नाही.

हे मी मुद्दाम आधी सांगते आहे. पुढे जे झालं ते कळायला एवढं पुरे.

टाइपरायटर गेले, संगणक आले. ललितानं मशीन बदललं, सवयी बदलल्या नाहीत. अक्षरांची जागा तिनं जुन्या मशीनवरचीच ठेवली. अंक मात्र ती नव्या कीबोर्डच्या उजवीकडच्या वेगळ्या चौकोनात मारायला शिकली. गट नंबर, आधार नंबर, पिनकोड, सगळं उजव्या हाताच्या तीन बोटांनी. तिथल्या पाचावर एक बारीकसा उंचवटा असतो. त्याला मधलं बोट लागलं की बाकीचे आकडे कुठं आहेत ते तिला न बघता कळायचं.

मग तिला काचबिंदू झाला. म्हणजे आधीच झाला होता, कळला उशिरा. टेबलावरचा चहाचा ग्लास ती सारखा पाडायला लागली. बाजूला येऊन उभा राहिलेला माणूस तिला दिसेना. राजेशला वाटलं, ताईंचं लक्ष नसतं. पनवेलच्या डॉक्टरांनी थेंब दिले आणि सांगितलं की गेलेलं परत येत नाही, उरलेलं जितकं टिकेल तितकं टिकवायचं. ही नजर कडेकडेनं मिटत येते. मधलं शेवटपर्यंत राहतं.

मी कर्जतहून चौक गावावरून तिला भेटायला गेले, तेव्हा तिनंच मला समजावून सांगितलं. "बाई, तुमच्या नाटकात सगळे दिवे घालवून एकट्यावर झोत टाकतात ना, तसं झालंय. फरक एवढाच, की झोत माझा मलाच फिरवायला लागतो."

मी हसले. हसायला नको होतं, पण तिनं ते हसवायलाच सांगितलं होतं.

नजर आत येत गेली तशी एक विचित्र गोष्ट झाली. कधी खाली न बघणारी ललिता कीबोर्डकडे बघायला लागली. भीतीच ती. नट एकदा स्वतःच्या पावलांकडे बघायला लागला की अडखळतो, हे मी कितीदा पाहिलं आहे. तिचंही तसंच झालं. जुना कीबोर्ड लांबलचक. डावं टोक बघावं तर उजवं झोताबाहेर. शिवाय त्याची रबरी बटणं मऊ पडलेली, दाबलं गेलं की नाही याचा पत्ता नाही. माऊस त्याच्याही पलीकडे, तिच्या काळोखात. चुका व्हायला लागल्या. राजेश भला माणूस. "ताई, काय घाई नाय, सावकाश करा," म्हणायचा. पण लोकांना घाई असायची. कचेरीची खिडकी बंद व्हायच्या आत कागद आत गेला नाही तर पुन्हा खेप. हळूहळू माणसं आतल्या संगणकाकडे, राजेशकडेच वळायला लागली.

ललिताचं लग्न झालेलं नाही. मी तिला म्हटलं, पुरे झालं, आता घरी बस. ती म्हणाली, "घरी बसून काय करू? टेबल आहे म्हणून मला कुणी ललिताताई म्हणतं. ते गेलं की मी फक्त एक आंधळी बाई." त्या टेबलावर बसता यावं, एवढंच तिला हवं होतं. बाकी कशाबद्दल तिनं कधी तक्रार केली नाही.

तिच्या भावाची मुलगी रिया नवी मुंबईत एका ऑफिसात कामाला आहे. या पोरीनं मनावर घेतलं. एका रविवारी ती आपला कीबोर्ड पिशवीत घालून घेऊन आली. मेकॅनिकल म्हणतात त्याला. प्रत्येक बटणाखाली स्वतःची वेगळी स्प्रिंग आणि वेगळा खटका. बटण दाबलं की बोटाला टोचल्यासारखं कळतं आणि टक असा आवाज येतो.

ललितानं एक बटण दाबलं. मान कलती केली. पुन्हा दाबलं. म्हणाली, "हा बोलतो गं."

त्या क्लासमधल्या वेण्या घातलेल्या मुलीचा चेहरा मला तेव्हा परत दिसला. तेवढ्याच आठवणीवर मी पुढचे दिवस काढले.

घ्यायचा तर असाच, हे ठरलं. प्रश्न उरला आकाराचा. रियानं सांगितलं की हे कीबोर्ड लहानमोठे मिळतात. एकातून फक्त उजवीकडचा अंकांचा चौकोन काढलेला असतो. एकात सगळं जवळ जवळ दाटीनं बसवलेलं, बाण अगदी काठाला चिकटून. आणि सगळ्यात लहान तो साठ टक्क्यांचा. त्यात नुसती अक्षरं आणि वरची अंकांची ओळ. बाणसुद्धा नाहीत. कोपऱ्यातलं एक बटण दाबून धरायचं, मग अक्षरांचीच बटणं बाणांचं काम करतात.

"कुठला चांगला?" ललितानं विचारलं.

"चांगला वाईट असं नसतं, आत्या. तुझ्या हाताला काय सवय आहे त्यावर असतं. तू कुठली बटणं वापरतेस?"

"सगळीच."

रिया हसली. म्हणाली, सगळ्यांना असंच वाटतं.

मग मी माझी पेटी आठवली. रंगभूषेची. काम सुटलं तरी पेटी सुटलेली नाही, तिच्यात पांढऱ्या पावडरचा एक डबा होता. कामाच्या दिवशी सकाळी मी खालापूरला गेले आणि पफनं जुन्या कीबोर्डवर हलका हात फिरवला, नटाच्या कपाळावर फिरवावा तसा. राजेश म्हणाला, "इंदूबाई, मेकअप झाला, आता ह्याला नाटकात घेणार काय?" ललितानं त्याच कीबोर्डवर दिवसभर काम केलं. संध्याकाळी रिया ऑफिसातून परस्पर आली आणि आम्ही तिघींनी वाकून पाहिलं.

सगळ्यात वरच्या लांबलचक ओळीतली बटणं पांढरीशुभ्र, बोटही लागलेलं नाही. अक्षरांच्या वरचे अंकही जवळजवळ तसेच. बाण स्वच्छ, पावडर पार पुसलेली. ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटाला नेणारी दोन बटणं स्वच्छ. आणि उजवीकडचा अंकांचा चौकोन असा लख्ख, की मधला पाच चकाकत होता. बाणांच्या भोवती दोन्हीकडे जी मोकळी पट्टी असते, तिच्यावर बोटांच्या सरकल्याच्या रेघा उमटल्या होत्या. अक्षरांकडून बाणांकडे, बाणांकडून अंकांकडे जाताना तिचा हात त्या मोकळ्या जागेवरून वाट काढत होता. तिला स्वतःला हे माहीत नव्हतं. हातांना माहीत होतं.

रियाला उत्तर मिळालं. म्हणाली, फक्त अंक काढलेला घेऊ. त्यात बाण वेगळे राहतात, मधली मोकळी पट्टी राहते. अंकांचा चौकोन सुटा मिळतो, तो शेजारी ठेवू, टेबलाला चिकटवून टाकू. हात जसे जातात तसेच जातील.

पुढच्या रविवारी तिनं तिन्ही आकारांचे पुठ्ठे मापात कापून आणले. वर पेनानं बटणं आखलेली. ललिताच्या घरी, खिडकीपाशी, ते एकेक करून तिच्यासमोर ठेवले. मोठा पुठ्ठा ठेवल्यावर ललितानं मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली, इस्त्री फिरवल्यासारखी. मधला ठेवल्यावर जरा कमी. मग साठ टक्क्यांचा ठेवला. ती हललीच नाही. बराच वेळ नुसती बघत राहिली.

"ह्यात मला सगळं दिसतंय," ती म्हणाली. "ह्या कडेपासनं त्या कडेपर्यंत."

रियानं समजावलं. आत्या, ह्यात तुझे बाण नाहीत, तुझा पाच नाही, सगळी बटणं एकमेकांना लागून, बोटाला खूण सापडणार नाही. पावडर आठव. ललिता ऐकत होती आणि दोन्ही हातांनी पुठ्ठ्याच्या कडा धरून होती.

मग मी बोलले. आमच्या कंपनीत एक रीत होती. प्रवेश संपला की दिवे घालवायचे आणि काळोखात पलंग उचलून त्या जागी टेबल मांडायचं, नटांनी आपापल्या जागी जायचं. याची तालीम आम्ही भर उजेडात करायचो, डोळे मिटून. काळोख झाल्यावर शिकायला बसलं तर कुणीतरी खांबावर आपटतं. मी ललिताला म्हटलं, तुला अजून दिसतंय तोवर डोळे मिटून तालीम कर. डोळ्यांना विचारू नकोस, हातांना विचार. ते शेवटपर्यंत तुझ्याबरोबर असणार.

ललितानं पुठ्ठ्याच्या कडा सोडल्या नाहीत. मग म्हणाली, "म्हणजे दिवे जाणारच, असं धरून चालायचं?"

चाळीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्यं म्हणून पोट भरलं. त्या दुपारी कुणी मला एक वाक्य दिलं असतं तर बरं झालं असतं. रियानं मोठे पुठ्ठे पिशवीत भरले. साठ टक्क्यांचा कीबोर्ड मागवला. सुटा अंकांचा चौकोन ललिताला नको होता, तो झोताबाहेर राहिला असता.

सुरुवातीला तिचं बरं चाललं, हे सांगायला हवं. पडवीखाली टकटक सुरू झाली. येणारीजाणारी माणसं थांबून बघायची. राजेशनं टेबलावर जागा झाली म्हणून तिथं स्टेपलर आणून ठेवलं. माऊस जवळ आला, म्हणून तिचा खांदाही दुखायचा थांबला. ललिता नव्या कीबोर्डवर नजर धरून बसायची आणि अंक वरच्या ओळीतून एकेक शोधून मारायची. वेग पूर्वीचा नव्हता. माणसाच्या तोंडाकडे बघत टाइप करणं संपलं होतं. पण कागद बरोबर निघत होते, आणि ती मला फोनवर सांगायची, आज अमका आला, आज तमक्याच्या वाटणीचं प्रकरण होतं. मला वाटायला लागलं की माझ्यासारख्या म्हाताऱ्या नटीपेक्षा तिलाच जास्त कळतं.

थंडी सरता सरता झोत आणखी लहान झाला. आता साठ टक्केही त्यात मावेना. डावीकडची अक्षरं दिसली तर उजवीकडची नाहीत. आणि बोटांना धरायला काही नव्हतं. जुन्या सवयीनं उजवा हात बाणांकडे निघायचा आणि थेट टेबलावर उतरायचा. ओळीच्या शेवटाला नेणारं बटण दाबायला जायचा आणि भलतंच बटण लागून ओळ तुटायची. कोपऱ्यातल्या बटणावरून अंगठा निसटला की बाणाऐवजी मजकुरात अक्षर घुसायचं. टक मात्र प्रत्येक वेळी तितकीच ठाम वाजायची. बोटाला वाटायचं, बरोबर झालं.

डोंगरातल्या वाडीवरचा शुक्रा तिच्याकडेच यायचा. त्याच्या बापानं कसलेल्या जमिनीच्या तुकड्याचं प्रकरण होतं, त्याला प्रतिज्ञापत्र हवं होतं. तिनं टाइप केलं, भिंग घेऊन वाचलं. तिला एका वेळी तीन-चार अक्षरं दिसायची, आणि तेवढीतेवढी बरोबरच वाटायची. शुक्रा कागद घेऊन कचेरीत गेला आणि परत आला.

"बाई, साहेब बोलला ह्यो नंबर आमचा नाय. दुसऱ्या कोनाचा हाय."

सहाच्या जागी सात पडला होता. वरच्या ओळीत ते शेजारी शेजारी असतात. ललितानं पुन्हा केलं. शुक्रा परत गेला, परत आला. या खेपेला गट नंबर बरोबर होता, पण मध्येच एक ओळ तुटून त्याच्या बापाचं नाव अर्धं खाली गेलं होतं. तिसऱ्यांदा ती बसली तेव्हा शुक्रा पायरीवर टेकला. खाली उतरायला तो पहाटे निघाला होता. तो चिडला नाही, हेच तिला सोसलं नाही. म्हणाला, "करा बाई, मी बसतंय." तिनं हात बटणांवर ठेवले आणि ठेवूनच बसली. मग राजेशला हाक मारली. म्हणाली, हा तुम्ही करून द्या. राजेशनं करून दिला. शुक्रा जाताना तिला नेहमीसारखा रामराम करून गेला.

दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. त्यानंतरही नाही. राजेशनं टेबल बरेच दिवस रिकामं ठेवलं, ताई येतील म्हणून. आता तिथं लॅमिनेशनचं मशीन आहे. राजेशवर माझा राग नाही.

मी परवा तिच्याकडे गेले. ती खिडकीपाशी बसली होती. समोर जुना लांब कीबोर्ड, तोच पावडर लावलेला. दुकानातून मागून आणला होता. त्याची वायर टेबलाखाली नुसती लोंबत होती. लहान कीबोर्ड खोक्यात घालून कपाटावर ठेवलेला. डोळ्यांत आता मध्ये एक टिकलीएवढा उजेड उरला आहे असं ती म्हणाली, आणि तोही मळका.

"तुमचं ऐकतेय आता," ती म्हणाली. "हातांना विचारतेय."

"मग काय म्हणतात?"

"ते पण गोंधळलेत." तिनं मला दाखवलं. उजवा हात अंकांसाठी निघायचा, अर्ध्या वाटेत थबकून वरच्या ओळीकडे वळायचा, तिथंही थबकायचा. बाणांकडे जाताना मोकळ्या पट्टीवर पोचून थांबायचा, दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा. इतकी वर्षं जे त्यांना येत होतं ते त्या लहान कीबोर्डच्या काही महिन्यांत त्यांनी सोडून दिलं होतं, आणि नवीन धरलं नव्हतं.

मग तिनं मला माझी जुनी नक्कल म्हणायला सांगितली. कळंबला विसरले होते ती. मला ती अजून पाठ आहे, आता काय उपयोग. मी सावकाश म्हणत गेले आणि तिची बोटं चालायला लागली. एक ओळ गेली. दुसरी गेली. मी जरा वेग घेतला, तिनंही घेतला, आणि क्षणभर मला तो लोखंडी खडखडाट ऐकू आल्यासारखा वाटला. तिसऱ्या ओळीत ती थांबली. एक बोट एका बटणावर टेकलेलं, बाकीची हवेत.

"बाई, सांगा ना," ती म्हणाली. "कुठं आलंय माझं बोट?"

मी चष्मा पुसून वाकले. तिच्या बोटाखाली बघितलं, आजूबाजूला बघितलं. बटणांवर अक्षरंच नव्हती. तिच्याच बोटांनी ती कधीची पुसून गेली होती.

ती वाट बघत होती.